तेविसावं नाव

चावी देते, लुस्मिला. नाही म्हटलेलं नाही. पण आधी बस, आणि ते गुळाचं पाणी गार व्हायच्या आत पी. दालचिनी जरा जास्त पडली आहे, तेवढं चालवून घे. शाळेत तू नवी, मे महिना तोंडावर आलेला. आताच्या मदरनी तुला सांगितलं असणार की मारियामातेची फिरती पेटी कपाटात आहे आणि कपाटाची चावी म्हाताऱ्या पिएदाद बाईंकडे. दारात उभ्याउभ्या तू आणखी एक म्हणालीस, की तुझ्या चौथीतल्या मुली हजेरीच्या वेळी वात्रटपणा करतात. त्याबद्दल मी तुला नंतर विचारणार आहे. आधी पेटीचं ऐक.

ती पेटी म्हणजे हातभर उंचीचं लाकडी खोकं, पुढे दोन दारं, आत काच. काचेमागे वीतभर मारियामाता, निळा झगा, डाव्या हाताचा अंगठा तुटलेला. आमच्या वेळी मे महिनाभर ती चौथीच्या एकेका मुलीच्या घरी एकेक रात्र राहायची. पेटीच्या दाराला आतून यादी चिकटवलेली असायची, नाव आणि तारीख. संध्याकाळी पाचला मुलीने पेटी उचलायची आणि यादीतल्या पुढच्या घरी न्यायची. दारात म्हणायचं, "मातेला जागा आहे का?" आतल्या मुलीने म्हणायचं, "ये, घर तुझंच आहे." नाही म्हणायची सोय नव्हती. मग त्या घरात शेजारीपाजारी जमून जपमाळ व्हायची.

आपल्या डोंगरात त्या वेळेला धुकं आणि झिमझिम असतेच, म्हणून पेटीवर घरचं फडकं घालून न्यायची. फडकं त्या घरी राहायचं. ज्या मुलीने दारात पेटी घेतली, तिनेच ते धुऊन वाळवून परत नेऊन द्यायचं, तेही रिकामं नाही. त्यात घरी भाजलेला पाव बांधायचा. रिकामं फडकं परत करणाऱ्या घराचा ओटा रिकामा पडतो, असं आमच्या आज्या म्हणायच्या. मी हसायचे. पण पाव बांधल्याशिवाय फडकं मीही कधी परत पाठवलं नाही.

मी त्या वर्गाला सात वर्षं शिकवत होते. शिस्तीची बाई म्हणून माझं नाव होतं आणि मला त्याची घमेंड होती, खोटं कशाला बोलू? साडेसातला रांग, नखं, झग्याची लांबी, प्रार्थना, मग हजेरी. दुपारी बाराची घंटा झाली की जिची वही जिथे असेल तिथे ठेवून देवदूताची प्रार्थना. गुरुवारी फादर यायचे, पापकबुलीची रांग लागायची. नऊ वर्षांच्या पोरींनी दर आठवड्याला पापं आणायची कुठून? ती एल्विया पुरवायची. एल्विया तिपान, रोडकी पोर, दोन वेण्या, पुढचा दात अर्धा. रांगेत मागेपुढे सरकत कुजबुजायची, "तू आईला उलट बोललीस असं सांग. तू नको, तू मागच्या वेळी तेच सांगितलंस. तू साखर खा." एकदा फादर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गात साखर फार चोरीला जाते हो." मी एल्वियाचा कान धरला, आणि खोलीत जाऊन पोट धरून हसले.

एल्वियाची जिवाभावाची मैत्रीण माझी नार्सिसा. हो, माझी मुलगी माझ्याच वर्गात होती. घरात आई, शाळेत बाई. चुकून 'आई' म्हटलं की मी तिला उभं करायचे. नवरा किनाऱ्यावर केळीच्या बागांत कामाला गेला तो तिकडचाच झाला, तेव्हा आम्ही दोघीच. नार्सिसाला तान्ही असताना डांग्या खोकला झाला होता, त्यातून आवाज घोगरा राहिला. गाण्याच्या सिस्टर तिला मागच्या ओळीत उभं करायच्या आणि नुसते ओठ हलव म्हणायच्या. ती बिचारी ओठ हलवायची. एल्विया तिच्या शेजारी उभी राहून दोघींच्या वाटचं ओरडायची.

मार्चमध्ये वरच्या वाडीवर डोंगर खाली आला. तीन घरं गेली. पहाट होती, लोक चूल पेटवत होते. एल्वियाची आई सापडली, आजी सापडली. एल्विया सापडली नाही. गावाने बारा दिवस उकरलं, मग फादरनी त्या सगळ्या चिखलालाच माती दिली असं धरून तिथे एक क्रूस उभा केला.

त्यानंतरच्या सोमवारी मी पट उघडला. सिग्चा म्हटलं, रोसआउरा सिग्चाने हजर म्हटलं. तिपानवरून मी डोळे उचलले आणि विनुएसा म्हटलं. नार्सिसा गप्प. पुन्हा म्हटलं. ती उभी राहिली.

"बाई, एल्वियाचं नाव राहिलं."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. आपल्याकडे रीत आहेच ना. शिपाई मेला, संपवाला मेला, की अंत्ययात्रेत त्याचं नाव घेतात आणि सगळे मिळून 'हजर' म्हणतात. मला दुसरं काही सुचेना. मी नाव घेतलं, "एल्विया तिपान." सव्वीसातल्या पंचवीस जणी एका दमात ओरडल्या, "हजर!" खिडकीच्या काचा वाजल्या. त्यात माझ्या पोरीचा घोगरा आवाज मला वेगळा ऐकू आला, आणि मी फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले.

मदर ग्रेगोरियांनी नऊ दिवस चालवून घेतलं. दहाव्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. त्या ऐंशीच्या पुढच्या, बोलताना पुढ्यातल्या टेबलावरचे ब्रेडचे कण गोळा करत बसायच्या.

"पिएदाद, नऊ दिवसांची नोव्हेना झाली. आता पुरे."

"मुलींना बरं वाटतं, मदर."

"मुलींना की तुला? अगं, रोज सकाळी हाक मारलीस तर ती जाणार कशी?"

"पटावर नाव आहे तोवर पोर माझी आहे," मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मदर पुन्हा ब्रेडचे कण गोळा करू लागल्या. मी हाक मारत राहिले. एप्रिल असाच गेला. खरं सांगू? त्या एका 'हजर'नंतर वर्ग इतका शांत बसायचा की मला ते आवडू लागलं होतं.

मे लागायच्या आदल्या दिवशी मी पेटीची यादी केली. हजेरीपट पुढ्यात ठेवला आणि आडनावांच्या क्रमाने उतरवून काढला, एकेक तारीख लिहीत. हात सवयीने चालला. तेवीस तारीख, एल्विया तिपान. चोवीस, नार्सिसा विनुएसा. लिहिताना लक्षात आलं नाही, हे देवाशपथ खरं आहे. पण पुढचं ऐक.

चोवीस मे म्हणजे साहाय्यमातेचा सण. त्या रात्री माता आपल्या घरी असावी यासाठी बायका जीव टाकतात. दहा तारखेच्या सुमाराला यानेसची आई मला बाजारात अडवून म्हणाली, "वा बाई, चोवीस बरोबर तुमच्याच घरी! पेढी तुमची, वजनं तुमची." ती मला पहिल्यापासून पाण्यात पाहायची. मी तरातरा तिला घेऊन शाळेत गेले आणि पट दाखवला. बोट ठेवून मोजलं. मोजताना तेविसाव्या नावावर बोट आलं तेव्हा मला दिसलं. ते नाव खोडलं तर नार्सिसा तेवीसवर येते, आणि चोवीस जाते यानेसकडे. ती बाई मागे उभी होती, तिला वाचता बेताचंच येत होतं. मी बोट पुढे सरकवलं.

"बघा. क्रमानेच आहे," मी म्हटलं.

एवढंच केलं मी, लुस्मिला. एका सणासाठी. तेवढ्यावरून कुणाचं काय बिघडणार होतं? संध्याकाळी जाऊन रोसआउरा सिग्चाच्या आईला सांगून आले, की बावीसला माता तुमच्याकडे येईल ती दोन रात्री ठेवा, चोवीसला सरळ आमच्याकडे पाठवा. ती हो म्हणाली. रोसआउरा चुलीशी मक्याचे दाणे सोलत होती. तिला काही कुणी सांगितलं नाही. पोरींना कोण सांगतं?

तेवीसच्या सकाळी मी हजेरी घेतली. "एल्विया तिपान," म्हटलं. रोजच्यासारखा सगळ्यांनी श्वास घेतला, पण ओरडण्याआधीच खिडकीकडून एक बारीक 'हजर' आला. नेहमीचा, जरा ठसक्यातला. मग बाकीच्यांचा आला. मी पटावरून वर पाहिलं. खिडकीकडे एल्वियाचं बाक तेवढं रिकामं होतं. मला वाटलं, कुणीतरी टारगटपणा केला. ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडू ते कळेना.

चोवीसला सुट्टी. मी सकाळपासून राबत होते. कोपऱ्यातल्या टेबलावर पांढरी चादर, बागेतली सगळी लिली, दोन नव्या मेणबत्त्या. ओव्हनमध्ये दुधाचे पाव. यानेसच्या आईलाही बोलावलं होतं, तिला दाखवायचंच होतं. चारनंतर धुकं उतरलं. इतकं, की अंगणातली विहीर दिसेना. पाचच्या आधीच दार वाजलं. माझे हात कोपरापर्यंत पिठात.

"नार्सिसा, बघ गं!"

दार उघडल्याचं ऐकलं. गार वारा स्वयंपाकघरापर्यंत आला आणि त्याच्याबरोबर ओल्या मातीचा वास, नांगरल्यावर येतो तसला नव्हे. खोल खणल्यावर येतो तो.

"मातेला जागा आहे का?" दारातून हळूच आलं.

"ये, घर तुझंच आहे," नार्सिसा म्हणाली. तिचा घोगरा आवाज इतका आनंदी मी मार्चपासून ऐकला नव्हता.

मी हात पुसत बाहेर आले तेव्हा दार लागलेलं होतं. पेटी टेबलावर होती, तिच्यावर भिजलेलं फडकं. नार्सिसा त्याच्या टोकाशी चाळा करत उभी होती.

"अगं, रोसआउराला असं दारातून घालवलंस? एक पाव तरी द्यायचा हातावर."

"थांबली नाही. अंधार पडायच्या आत जायचं होतं तिला." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "फडकं परत आण म्हणाली."

शेजारणी आल्या. जपमाळ सुरू झाली. तिसऱ्या दहा मण्यांवर असताना दार जोरात वाजलं. रोसआउराची आई, डोक्यावरून पाणी निथळतंय, हात रिकामे, मागे रडून लाल झालेली पोर.

"बाई, मला माफ करा. माता हरवली. काल मी गाई दोहायला गेले होते हो... या कारटीनं पाचला पेटी उचलली आणि वर नेली."

"वर कुठे?"

रोसआउरा हुंदके देत म्हणाली, "यादीत एल्वियाचं नाव होतं. बाईंच्या अक्षरात. क्रुसापाशी ठेवली आणि जागा आहे का म्हटलं."

"मी तासाभरात धावत गेले," आई म्हणाली, "तर तिथे काही नाही. रात्रभर कंदील घेऊन, आज दिवसभर... तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू..." आणि मग तिची नजर टेबलाकडे गेली.

एका मेणबत्तीची वात तडतडत होती, तेवढाच आवाज. मी नार्सिसाकडे वळले.

"पेटी कुणी आणून दिली?"

"एल्वियानं."

मी तिच्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. आयुष्यात एकदाच मी तिच्यावर हात टाकला तो तेव्हा. ती रडली नाही. यानेसच्या आईने क्रुसाची खूण केली आणि शाल गुंडाळून निघून गेली. बाकीच्याही एकेक करून उठल्या, जपमाळ अर्धी टाकून.

सगळ्या गेल्यावर मी फडकं उजेडात धरलं. कडेला लाल दोऱ्याची रफू. ती रफू मी ओळखत होते. एल्वियाच्या आजीची होती. त्या आजीच्या हाताखालून निघालेले असे दोन झगे मी शाळेत पाहिले होते. फडक्यातून मातीचं पाणी थेंबथेंब गळत होतं. पेटीबरोबर एक वही फिरते, घरोघरी लोक त्यात मातेकडे मागणं लिहितात. मी ती उघडली. बावीसच्या पानावर सिग्चांच्या गाईचं दुखणं. तेवीसच्या पानावर चिखलाची बोटं आणि शिसपेन्सिलीने, रेघ सोडून खाली घसरत जाणारं, माझ्याच हाताखाली गिरवलेलं अक्षर: 'आई आणि आजी झोपल्या. मला रोज सकाळी शाळेत बोलावतात म्हणून झोप लागत नाही. इथे एकटीला करमत नाही.'

ते मी दोनदा वाचलं. मी जमिनीवर बसले. मदर म्हणाल्या होत्या तेच. मी त्या पोरीला दोन महिने रोज उठवत होते, माझा वर्ग शांत बसावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी यानेसकडे पेटी गेली तर तिने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "आमच्याकडे नको." मातेला जागा नाकारलेली मी पहिल्यांदाच पाहिली. पेटी मदर ग्रेगोरियांनी शाळेत ठेवून घेतली. त्याच सकाळी हजेरीला मी तेविसावं नाव घेतलं नाही. सिग्चा, आणि सरळ विनुएसा. मधे मी श्वास घेतला तेवढ्यात खिडकीकडून 'हजर' आला. मी हाक मारली नव्हती. या वेळी वर्गातल्या प्रत्येकीने ऐकलं. दोघी मुली रडायला लागल्या. माझी नार्सिसा मात्र खिडकीकडे पाहून हसली.

फडक्याचं मी मदरना विचारलं.

"देणं आहे ते द्यायलाच हवं," त्या म्हणाल्या. "पण पोरीला पाठवू नकोस. तू जा."

मी ते धुतलं. तीनदा पाणी बदललं तरी माती निघतच राहिली. पाव बांधला आणि भर दुपारी, फादरना बरोबर घेऊन, वर गेले. त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं, मी क्रुसाच्या पायथ्याशी फडकं ठेवून वर दगड ठेवला. मोठ्याने म्हटलं, "एल्विया, चूक माझी आहे बाळा. हे घे आणि झोप." उतरताना मला हलकं वाटलं.

सकाळी उंबऱ्यावर फडकं होतं. ओलं. सोडलं तर आत पाव, तसाच, न मोडलेला. ज्या मुलीने दारात घेतलं तिनेच परत द्यायचं असतं. पोरीसुद्धा नियम पाळतात गं, आपणच शिकवलेले असतात.

नार्सिसा जेवेनाशी झाली. "मला भूक नाही, मी तिच्याकडे खाईन," म्हणायची. मी दाराला कडी, वर कुलूप. रात्री माझा पाय तिच्या पायावर. फडकं मी झग्याच्या खिशात ठेवलं आणि खिसा दोऱ्याने शिवून टाकला.

"आई, ती वाट बघतेय. नुसतं देऊन येते की."

"नाही."

"तू खोडलं नाहीस ना नाव? मग तिची पाळी होतीच. ती काय चुकली?"

मी उठून कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

एकतीसला मातेला मुकुट घालायचा सोहळा. मी पोरीला घरी कोंडून ठेवणार होते. मदर म्हणाल्या, "घरी एकटी कशाला? इथे चारशे माणसं, फादर, स्वतः माता. याहून सुरक्षित जागा कोणती?" मलाही पटलं. चार वाजता पटांगणात पांढऱ्या झग्यातल्या मुलींच्या रांगा लागल्या. धुकं होतंच. मी माझ्या वर्गाची डोकी मोजली. सव्वीस. पुन्हा मोजली. सव्वीस. पंचवीस हवी होती. एकेक चेहरा पाहत गेले, सगळे ओळखीचे, कोणताच जास्तीचा नाही, आणि शेवटी आकडा तोच. मी मोजणं सोडलं आणि नार्सिसाचा हात धरला. माझ्या उजव्या हातात तिचा डावा हात. इतका घट्ट की ती म्हणाली, "बाई, दुखतंय." बाई म्हणाली. शाळेत होतो ना आम्ही.

जपमाळ संपली. 'आम्हा पाप्यांसाठी, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' म्हणत चारशे माणसं थांबली. फादरनी मुकुट उचलला आणि घंटा वाजली.

लुस्मिला, तू लहानपणापासून मिस्साला जातेस. घंटा झाली की तुझा उजवा हात काय करतो? तू सांगतेस त्याला? माझ्या हाताला चाळीस वर्षांची सवय. तो सुटला आणि कपाळाला गेला. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. एवढाच वेळ. हात खाली आणला तर तिथे कुणी नव्हतं.

मी ओरडलेही नाही लगेच. आधी खिशाला हात लावला. शिवण जशीच्या तशी होती. खिसा रिकामा होता.

चारशे माणसांत कुणी तिला जाताना पाहिलं नाही. फक्त रोसआउरा म्हणाली, "त्या दोघी धुक्यात गेल्या, हातात हात घालून." घरी ओट्यावर सात पाव ठेवले होते, सहा उरले होते. गावाने पुन्हा वरचा चिखल उकरला. मी नखांनी उकरला. नवव्या दिवशी लोक थकले, आणि मी त्यांना दोष देत नाही.

पुढच्या सोमवारी वर्गात उभी राहिले, पट उघडला. सिग्चापर्यंत आले. चोवीस पोरी माझ्याकडे बघत होत्या, छाती भरून श्वास घेऊन. मी नाव घेतलं की त्या ओरडणार होत्या. आणि मला माहीत होतं की मी नाव घेतलं तर ती येईल. एक हाक, आणि माझी पोर खिडकीशी. पण मग तिचीही झोप जाईल, त्या दुसरीसारखी. मी पट मिटला, मदरच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि पुन्हा वर्गात पाऊल टाकलं नाही. मदरनी पेटी कपाटात बंद केली आणि चावी माझ्या हातात दिली. "हिची रखवाली तूच कर," म्हणाल्या. त्यांनाही जाऊन आता वीस वर्षं होतील.

इथून शाळेची घंटा ऐकू येते. साडेसातला ती वाजते तेव्हा मी या खुर्चीत बसते आणि दोन्ही हात तोंडावर धरते. सत्तावीस वर्षं. एकदाही हाक मारलेली नाही. आई असून.

ही घे चावी. यादी नीट तपासून कर. नावं जिवंत मुलींचीच घाल, आणि कुणाच्या सणासाठी क्रम हलवू नकोस. झालं, माझं सांगून झालं.

आता तुझं सांग. मघाशी दारात तू म्हणालीस, की तुझ्या पटावर एकवीस मुली आहेत आणि खिडकीकडच्या बाकांवरून शेवटी दोन 'हजर' जास्त येतात. तू रागावलीस तरी कुणी कबूल होत नाही, म्हणालीस. मी त्यांना हाक मारलेली नाही, तूही मारलेली नाहीस. मग नकोच विचारायला. विचारू नये, मला कळतं.

पण एवढंच सांग... त्या दोनांतला एक आवाज... जरा घोगरा आहे का गं?